आरसा थांबला म्हणे

संस्थेच्या काचेच्या दारावर आलेख चिकटवला होता आणि त्याला शेपटी नव्हती. दार ढकलायला पुढे केलेला हात तिने तसाच मागे घेतला. रोज हेच दार, ह्याच काचेत ओझरतं स्वतःकडे बघायचं, केस विस्कटलेत हे कळायचं आणि त्याचं काहीही न करता आत जायचं; आज तिच्या चेहऱ्याच्या जागी माणसाच्या उंचीचा गुळगुळीत रंगीत कागद होता. त्यावर एक निळी रेघ खालून तडक वर चढत होती, वर पोचताक्षणी आडवी होत होती आणि मग कागदाच्या कडेपर्यंत गुणी मुलीसारखी सरळ चालत जात होती. रेघेखाली ठळक अक्षरं होती, 'जगातला सर्वांत चपळ आरसा'. त्याखाली नावं, आणि नावांत पहिलं नाव तिचं. तिने ते दोनदा वाचलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते तिला आजवर नुसतं ऐकून माहीत होतं. आता ती आग पोटऱ्या, गुडघे, पोट करत वर चढलेली तिला स्पष्ट जाणवली. मागून येणारं कुणीतरी म्हणालं, "वा मॅडम, अभिनंदन!" आणि ती "थँक यू" म्हणून गेली. म्हणून गेल्यावर तिला स्वतःचाही राग आला.

शेपटी हा त्यांच्या प्रयोगशाळेतला शब्द. इतर ठिकाणी सकाळी माणसं एकमेकांना झोप झाली का विचारतात, तळघरातल्या त्या खोलीत पहिला प्रश्न असायचा, "आज शेपटी केवढी?" तिथे एका जडशीळ टेबलावर दोन आरसे समोरासमोर बसवलेले होते, मसुरीच्या दाण्याहून लहान. दोघांच्या मधे प्रकाश अडकवायचा, तो इकडून तिकडे आपटत राहायचा, आणि त्या प्रकाशात एक, फक्त एक, अणू धरून ठेवायचा. आरशांमधलं अंतर जरा बदललं की प्रकाशाचा सूर बदलतो. ठरावीक सुराला अणू कान देतो, सूर हलला की त्याचे कान बंद. म्हणजे एक आरसा पुढे सरकवायचा, अणूला हे लक्षात ठेव, ते सोडून दे असं जे सांगायचं ते सांगून घ्यायचं आणि आरसा मागे आणायचा. पण अणू मुळातच विसराळू. तो सगळं विसरायच्या आत हे उरकावं लागतं. म्हणून घाई. आणि घाईने सरकवलेला आरसा पोचला तरी थरथरत राहतो, पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे, असा हळूहळू निवतो. आलेखात हे थरथरणं रेघेच्या टोकाला वळवळताना दिसतं, ती शेपटी. थरथरत्या आरशातून सांगितलेलं अणूला धड ऐकू जात नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कूटरवर मागे बसून कुणी पत्ता सांगावा तसं अर्धंमुर्धं पोचतं. तिची उमेदीची सगळी वर्षं ह्या शेपटीमागे गेली होती. आरशाला नुसतं ढकलायचं नाही. ढकलायचं आणि पोचायच्या जरा आधीच मागे ओढायचं, म्हणजे पोचेपर्यंत त्याच्यातला जोर संपतो आणि तो गुपचूप बसतो, ही तिची युक्ती. तिने शेपटी आखूड केली होती. नाहीशी केली असं ती कधी कुणाला म्हणाली नव्हती.

बरं, कागदावरची रेघ खोटी आहे म्हणून बोंब मारावी तर तीही सोय नव्हती. आरसा एका ठोकळ्यावर ग्लूच्या एका थेंबाने बसवलेला. ढकलायचं ते ठोकळ्याला, आणि ठोकळा कुठवर आला हे सांगणारा सेन्सर ठोकळ्याच्याच पाठीला. ठोकळा मोठा आज्ञाधारक. थांब म्हटलं की थांबायचा आणि सेन्सर कळवायचा, थांबला. पुढे त्या थेंबावर आरसा थरथरत असायचा, त्याची ना दाद ना फिर्याद. इतकी शिकलीसवरलेली माणसं, इतकी वर्षं ठोकळ्यालाच विचारत राहिली की आरसा थांबला का. तीसुद्धा. परवापरवा, ठोकळा सगळं शांत आहे म्हणत असताना अणू एकामागून एक चुकीची उत्तरं देऊ लागला तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने सेन्सर बाजूला ठेवला, अणूच्याच उत्तरांवरून रेघ काढली, आणि पडद्यावर लांबच लांब शेपटी उलगडत गेली. ती घेऊन ती आपल्या पायांनी संचालकांकडे गेली होती. त्यांनी मान डोलावली होती, "फारच छान निरीक्षण" म्हणाले होते. आणि आज दारावर ठोकळ्याची रेघ, आणि खाली तिचं नाव. दुपारी पाहुणे येणार होते आणि त्यांच्यासमोर उभं राहून आरशाच्या चपळाईचा तो आकडा तिनेच सांगायचा होता.

पिशवीत फोन थरथरला. धाकटा भाऊ होता.

"ताई, बिझी आहेस का? फक्त सांगायला केला. बाबा एकदम मस्त."

"दे त्यांना."

"आंघोळीला गेलेत. अगं, तू काळजीच करू नकोस. एका दुपारीत सगळं हलवलं, त्यांना कळलंसुद्धा नाही! आता पूर्ण सेट झालेत."

"कुणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"सेट झालेत हे कुणी सांगितलं? ते म्हणाले?"

"मी बघतोय ना रोज!" भाऊ दुखावला. "हे बघ, तू इथे नव्हतीस, मी एकट्याने केलंय सगळं. संध्याकाळी ये आणि स्वतः बघ."

ती नव्हती हे खरंच होतं. ती दुसऱ्या गावी परिसंवादाला गेली होती आणि परत येईपर्यंत बाबांचं जुनं घर रिकामं झालेलं होतं. हलवण्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. जिने, गुडघे, आई गेल्यापासूनचं एकटेपण, सगळं तिला पटत होतं. तिला खुपत होतं ते वाक्य, त्यांना कळलंसुद्धा नाही. जिवंत माणूस ह्या घरातून त्या घरात उचलून ठेवला आणि त्याला कळलं नाही ह्याचा अभिमान! आणि परत आल्यापासून तळघरातून डोकं वर न काढता ती रोज फोन करत होती तो तरी कुणाला? भावाला. बाबा कसे आहेत, मस्त, ठेवते. दारावरची रेघ तिच्या डोळ्यांपुढे सरळ चालत राहिली.

संचालकांना पाठीमागे सगळे झटपट म्हणत. त्यांच्या खोलीत सगळं आवरलेलं असायचं, टेबलावर एकही कागद नाही, खिडकीत एक प्लॅस्टिकचं रोप, त्याच्या पानांवर धूळ. ती आत गेली तेव्हा ते आरशात बघून टाय नीट करत होते.

"सर, दारावरचा आलेख ठोकळ्याचा आहे."

"आपल्याच सेन्सरचा आहे, मॅडम. मोजलेला आहे. त्यात एक टिंबसुद्धा पदरचं नाही."

"मी तुम्हाला अणूचा दिला होता."

"पाहिला ना. सुंदर काम आहे. पण पाहुण्यांना शेपटी दाखवायची म्हणजे आधी शेपटी म्हणजे काय ते समजवा, मग ती का येते ते समजवा; तोवर लोक चहाला उठतील. आपलं म्हणणं साधं आहे. आरसा इतक्या वेळात पोचतो. पोचतो की नाही?"

"पोचतो. थांबत नाही."

"पोचला हे महत्त्वाचं. थांबायचं पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी? सर, ह्या आकड्यावर भरवसा ठेवून दुसरी माणसं आपापली यंत्रं बांधतील. ती चालणार नाहीत. आणि का चालत नाहीत ते त्यांना जन्मात कळणार नाही, कारण त्यांचाही सेन्सर ठोकळ्यालाच असणार."

त्यांनी टाय सोडला आणि आवाज खाली आणला. ह्या आवाजाची तिला धास्ती होती. "घरी ठीक आहे ना सगळं? वडिलांना हलवलंत असं कानावर आलं. ह्या वयात त्रास होतोच. तुम्ही सध्या थोड्या हळव्या झाल्यात का? नाही, मी समजू शकतो. आज मीच बोलतो हवं तर. तुम्ही नुसत्या बसा पुढच्या रांगेत."

हळव्या! आरशाची शेपटी ही वस्तू होती, मोजता येणारी, कुणीही तळघरात उतरून डोळ्यांनी बघावी अशी. आणि ह्या माणसाने ती उचलून अलगद तिच्या पोटात ठेवून दिली, तिच्या घरात, तिच्या म्हाताऱ्या बापाच्या गुडघ्यांत. भांडायला आलेल्या बाईला पाणी देऊन बसवतात तसं तिला बसवायला निघाला. ते प्लॅस्टिकचं रोप कुंडीसकट खिडकीबाहेर भिरकावावं असं तिच्या हातांना वाटलं. "मीच बोलणार आहे," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

जिन्यात ती कठड्याला धरून उभी राहिली. कठड्यावरच्या आपल्या हाताकडे बघताना तिला बाबांचे हात आठवले. बाबा टपाल खात्यात, पत्रं वेगळी करायच्या विभागात होते. लहानपणी ती तिथे जाऊन उंच स्टुलावर बसायची. समोर भिंतभर खण आणि बाबा तिच्याशी बोलता बोलता, खणांकडे न बघता पत्रं टाकत जायचे. प्रत्येक पत्र आपापल्या गावाच्या खणात जाऊन पडायचं. खण हातांना पाठ होते. मग कचेरी नव्या इमारतीत गेली. नव्या खणांचा क्रम वेगळा होता. साहेबांनी भाषण केलं, स्थलांतर एका दिवसात विनातक्रार पार पडलं म्हणून सगळ्यांना शाबासकी दिली. त्यानंतर कितीतरी दिवस बाबा रात्री जेवताना ताटाकडे बघत गप्प बसायचे. कसं आहे नवं ऑफिस, असं आईने विचारलं की म्हणायचे, "मजेत. उजेड भरपूर आहे." त्यांचे हात जुन्या जागी जातात, पत्रं भलत्या गावांना निघतात, आणि ह्या वयात त्यांना सगळ्यांसमोर बोलणी खावी लागतात, हे आईला कुणा तिसऱ्याच माणसाच्या बायकोकडून कळलं. आई चिडली होती. "मला का नाही सांगितलंत?" बाबा म्हणाले होते, "तू उगाच काळजी केली असतीस." ती तेव्हा शाळेत होती आणि तिला वाटलं होतं की मोठी माणसं अशीच असतात, मजेत.

तळघरात वायरमन एकटाच होता. त्याची पीएचडी झालेली होती, पण प्रयोगशाळेतल्या सगळ्या तारा त्याने जोडलेल्या म्हणून तो वायरमन. ठोकळ्यामागचा सेन्सर त्यानेच बसवलेला. तिचा चेहरा बघून त्याने न विचारता तिच्या कपात चहा ओतला.

"दार बघितलंस?" ती म्हणाली.

"बघितलं. तुझं नाव केवढं मोठं छापलंय. माझं पार खाली, मुंगीएवढं."

"थट्टा नको. तुला माहितेय ती कुणाची रेघ आहे."

"अगं, सगळे असंच मोजतात. जगात कुठेही जा, सेन्सर ठोकळ्यालाच. आरशाला चिकटवला तर आरसाच जड होणार, मग मोजणार काय, कप्पाळ?"

"म्हणून तर अणूला विचारायचं."

"अणूचं काय घेऊन बसलीस! तो कधीच खूश नसतो." तो हसला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं आणि त्याने तोंड पडद्याकडे वळवलं. "झटपट काय, आज आहे उद्या निवृत्त होईल. आपल्याला इथेच राहायचंय. कशाला वाकड्यात शिरतेस?"

झटपटचा राग करणं सोपं होतं. ह्याच्याबरोबर तिने इथे अर्धं आयुष्य काढलं होतं, आई गेली तेव्हा हा हॉस्पिटलच्या बाकावर तिच्या शेजारी बसून राहिला होता, आणि तोच आता मूग गिळून बसला होता. तिने चहा प्यायला नाही. चहाचा कप टेबलावर ठेवताना, ह्या टेबलाला धक्का लागता कामा नये म्हणून, तिने तो सवयीने, पोचायच्या आधीच जरासा उचलून धरत अलगद टेकवला, आणि आपल्या ह्या सवयीचा, ह्या जपण्याचा, ह्या सगळ्या वर्षांचा तिला इतका संताप आला की डोळे भरून आले. हळवी नाही, तिने स्वतःला बजावलं, संतापलेली.

सभागृहात पाहुणे पहिल्या रांगेत होते. तिने ठरवलेलं भाषण केलंच नाही. अणूने दिलेली रेघ पडद्यावर लावली. ती वर चढली, हुकली, खाली आली आणि वळवळत राहिली. "आरसा पोचतो," ती म्हणाली, "पण थांबत नाही. दारावर लावलंय ते आम्ही ठोकळ्याला विचारलेलं आहे. अणूला विचारलं तर तो हे सांगतो. पोचायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट निवायला लागतो. तो धरला तर आमचा आरसा जगातला सर्वांत चपळ नाही. चांगला आहे. मी केलाय, तो किती चांगला आहे ते मला माहितेय. त्याच्याबद्दल खोटं सांगायची गरज नाही." कुणाची तरी खुर्ची करकरली. वायरमन पायांकडे बघत होता. मग झटपट उठले, हसत हसत माईकपाशी आले आणि तिच्या खांद्यामागे हात धरून, खांद्याला न लावता, म्हणाले, "ह्या आमच्या मॅडम! इतक्या काटेकोर, इतक्या काटेकोर, की ह्यांना स्वतःचं यशसुद्धा पटत नाही!" सभागृह हसलं. मग टाळ्या पडल्या, भरपूर, मनापासून. एक पाहुणे तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, अशी माणसं आहेत म्हणून संस्था चालतात. तिने खरं सांगितलं होतं आणि त्यांनी ते तिच्या स्वभावात जमा करून टाकलं होतं. विरोध केला असता तर तिला भांडता आलं असतं. कौतुकाशी कसं भांडतात हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

बाहेर पडताना ती दारापाशी थांबली. पिशवीत फळ्यावर लिहायचा जाड मार्कर होता. निळी रेघ जिथे आडवी होत होती तिथे तिने टोक टेकवलं आणि शेपटी काढायला सुरुवात केली. वर, खाली, वर, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा किंचित लहान. बघून काढायची गरजच नव्हती, तिच्या हाताला ती पाठ होती. "मॅडम, त्यावर लिहायचं नाही," सिक्युरिटीवाला खुर्चीतून उठला. "माझं नाव आहे त्यावर," ती म्हणाली. कागद संपला, शेपटी संपली नव्हती. ती काचेवर काढत राहिली, चौकटीपर्यंत. चौकटीपाशीही रेघ अजून हलत होती, पण पुढे भिंत होती. तिने मार्करला टोपण लावलं. सिक्युरिटीवाला काचेकडे बघत म्हणाला, "हे पुसावं लागेल मला." त्याच्यावर काय रागवायचं.

भावाच्या घरी नव्या रंगाचा वास होता. "बघ," भावाने बाबांच्या खोलीचं दार उघडलं, "पलंग तसाच, कपाट तसंच, घड्याळसुद्धा पलंगासमोरच. फोटो काढून घेतले होते आधी, त्यावरून लावलंय." खरंच लावलं होतं. भाऊ ह्या कामाने वाळला होता, आणि तिच्या तोंडून दोन चांगले शब्द ऐकायला आतुर होता. बाबा खुर्चीत बसले होते, हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले. "मजेत आहे," तिने काही विचारायच्या आधीच ते म्हणाले. "उजेड भरपूर आहे." भाऊ जिंकल्यासारखा हसला आणि चहाचं बघायला बायकोच्या मदतीला गेला.

दोघं बसून राहिली. तो भरपूर उजेड हळूहळू गेला, खिडकी करडी झाली, बाबांचा चेहरा दिसेनासा होऊ लागला. ते उठले. दाराकडे गेले आणि डावीकडच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, त्यांनी तळहात टेकवला. तिथे काही नव्हतं. जुन्या घरात दिव्याचं बटण तिथे होतं, तिच्या जन्माच्याही आधीपासून. हात जरा वर गेला, खाली आला, परत वर, मग किंचित कमी वर. मग ती खोलीत आहे हे त्यांना आठवलं. त्यांनी चटकन हात मागे घेतला. ती उठून जवळ गेली. कोऱ्या पांढऱ्या रंगावर तिथे एक मळकट ढग उमटला होता, तळहाताएवढा, मधे गडद आणि कडेला विरत गेलेला. तिच्या सगळ्या आयुष्यात तिने इतकी स्वच्छ शेपटी पाहिली नव्हती.

"पुसतो मी," बाबा हळूच म्हणाले आणि सदऱ्याच्या बाहीने भिंत घासू लागले. "रोज पुसतो. त्याला सांगू नकोस हं. फार खपलाय तो."

"बाबा, राहू दे ते. जमतंय का तुम्हाला इथे?"

"न जमायला काय झालं, सगळं आहे की—"

"त्याला नाही विचारत आहे मी. तुम्हाला विचारतेय."

बाही थांबली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, स्टुलावर बसलेल्या मुलीकडे पाहायचे तसं नाही. कुणीतरी फार दिवसांनी नावानिशी हाक मारावी तसं दचकून.

"नाही गं," ते म्हणाले. "अजून नाही जमलं."

"ताई!" स्वयंपाकघरातून भावाचा आवाज आला. "बघितलंस ना? झालेत की नाही सेट?"

"झालो, झालो!" बाबा लगेच ओरडले.

दिवसभराचं सगळं एकदम वर आलं, तो खाली आणलेला आवाज, त्या टाळ्या, तो तसाच राहिलेला चहा. "नाही झालेत!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की स्वयंपाकघरात भांडं वाजलं. "मला नको विचारूस. इकडे ये आणि त्यांना विचार!"

भाऊ हात पुसत धावत आला. "काय झालं? आणि अंधारात काय बसलाय?" म्हणत त्याचा हात सरळ दाराच्या दुसऱ्या बाजूला, बटणाकडे गेला.

"लावू नकोस!"

त्याचा हात बटणावर तसाच राहिला. तिघंही त्या करड्या काळोखात उभी होती. मग डावीकडे, कोऱ्या भिंतीवर, बाबांचा तळहात पुन्हा फिरू लागला, वर, खाली, वर, आणि मुलगा बघत होता तरी त्यांनी तो मागे घेतला नाही.